फलक कंपनीचा, माल कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी बावीस वर्षांपासून टीव्ही, मिक्सर, मोबाइल दुरुस्त करतो. सोयाबीन निघालं, सीतादहीची पूजा होऊन कपाशीचा पहिला वेचा घरात आला, की दरवर्षी माझ्या टेबलावर एकाच तऱ्हेचे मोबाइल येऊ लागतात. खोका कोरा, काचेवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही, आणि आतला माल बनावट. यंदा त्यातला एक माझ्याच नात्यातला निघाला, म्हणून हे पत्र.

माझ्या मावसाजींच्या मुलीला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला. तिच्यासाठी त्यांनी सोयाबीनच्या पैशातून साडेतेरा हजारांचा मोबाइल घेतला. बसस्टँडजवळचं दुकान. वर एका नावाजलेल्या कंपनीचा भलामोठा चमकता फलक, आत काचेची कपाटं, कामावरच्या पोरांच्या अंगात त्याच कंपनीचे टी-शर्ट. आठ दिवसांनी मावसाजी पिशवीतून खोका काढत म्हणाले, "पाय बरं बापू, हा कावून इतका तापते?"

मी *#०६# दाबलं. पडद्यावर आलेला १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या मोबाइलची स्वतःची ओळख, आणि खोक्यावर छापलेला नंबर, दोन्ही वेगळे. मग पडद्यावरचा नंबर केवायएम या तीन इंग्रजी अक्षरांपुढे लिहून दूरसंचार खात्याच्या १४४२२ वर एसएमएस केला. उत्तर आलं ते दुसऱ्याच कंपनीच्या जुन्या मॉडेलचं. "मावसाजी, बिल दाखवा," म्हटलं, तर त्यांनी खिशातून गुलाबी कागद काढला. वर 'एस्टिमेट' छापलेलं, म्हणजे नुसता अंदाजाचा कागद, बिल नव्हेच. जीएसटी नंबर नाही, आयएमईआय नाही, फक्त 'मोबाइल १' आणि रक्कम. खाली शिक्का: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

गावात लगेच बोललं गेलं की स्वस्ताच्या नादी लागले असतील. हे मला फार लागलं. मावसाजींनी एक रुपयाही कमी दिलेला नाही. खऱ्या मोबाइलची जी किंमत, तीच त्यांनी मोजली. फसले ते फलक पाहून. फलक पाहून विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नव्हे.

पण त्या फलकाला काहीच अर्थ नसतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं. कंपन्या जाहिरातीसाठी साध्या किरकोळ दुकानदारांनाही आपल्या नावाचे फलक लावून देतात. कंपनीचं नाव हातभर, दुकानाचं नाव कोपऱ्यात बोटभर. आणि तसा फलक कोणताही डिजिटल बॅनरवाला छापून देतो. म्हणजे कंपनीचं स्वतःचं दुकान, अधिकृत विक्रेता, साधा दुकानदार आणि निव्वळ नक्कल करणारा, हे चौघंही रस्त्यावरून सारखेच दिसतात. २०११ साली चीनमधल्या कुनमिंग शहरात अ‍ॅपल कंपनीचं असंच हुबेहूब खोटं दुकान उघडकीस आलं होतं. तोच जिना, तेच निळे टी-शर्ट, गळ्यात तशीच ओळखपत्रं. आपण खऱ्या कंपनीतच नोकरीला आहोत, असं तिथल्या कामगारांनाही वाटत होतं. तपासणी झाली तेव्हा त्या एका शहरात अशी २२ दुकानं सापडली. कामाला असलेली माणसंच ओळखू शकली नाहीत, तिथं हातात सोयाबीनचे पैसे घेऊन एसटीतून उतरलेल्या माणसाने काय ओळखावं?

खोक्यातला चार्जर मी उघडला. तो जसा दिसला तसा सांगतो, कारण पैशापेक्षा मला धास्ती त्याची आहे.

भिंतीवरच्या बोर्डातून २३० व्होल्ट येतात. मोबाइलला लागतात ५ किंवा ९. मध्ये बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना शिवत नाहीत, आणि तेवढ्यावरच आपला जीव सांभाळलेला असतो. चांगल्या चार्जरमध्ये सर्किटच्या पट्टीवरही २३० ची बाजू आणि मोबाइलची बाजू यांच्यात पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी सोडतात, काही ठिकाणी पट्टी कापून फट ठेवतात. या चार्जरमध्ये ती जागा तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी होती. गुंडाळ्यांमध्ये पिवळ्या टेपचा एकच वेढा. फ्यूजच्या जागी साधी तार. आणि हातात जड लागावा म्हणून आत लोखंडाची एक पट्टी चिकटवलेली. ती पट्टी हातात घेतली तेव्हा माझा राग आवरेना. बनवणाऱ्याने वजनाचा विचार केला, पण फ्यूजचा केला नाही.

आता हा चार्जर आमच्याकडच्या घरात लावा. वादळात डीपीवरचा, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (वीज परतीची तार) तुटला की घराघरांत साडेतीनशे व्होल्टच्याही वर दाब जाऊ शकतो. टेपचा तो वेढा जळाला तर ती वीज थेट मोबाइलवर, आणि मोबाइल कुणाच्या तरी कानाला. दुसरी गोष्ट बॅटरीची. लिथियम बॅटरी चार्ज करायची कमाल मर्यादा साधारण ४५ अंश धरतात. मे महिन्यात तेवढा पारा आमच्याकडे सावलीतच चढतो, टिनाच्या खोलीची तर गोष्टच वेगळी. चांगल्या मोबाइलमध्ये तापलं की चार्जिंग आपोआप थांबवणारं सर्किट असतं. नकली मोबाइलमध्ये ते बहुतेकदा नसतं. अन् आपली सवय काय, तर रात्री मोबाइल उशाशी चार्जिंगला लावून झोपायची. बाजेवर शेजारी लेकरू.

मी मावसाजींना घेऊन दुकानात गेलो. उत्तर मिळालं, "काका, सर्व्हिस सेंटरले जा, आमचं काम विकाचं." सर्व्हिस सेंटरवाल्याने नंबर टाकून पाहिला आणि हा माल आमचा नाही म्हणून हात जोडले. दोन चकरांत मजुरीचे दोन दिवस गेले.

त्यानंतर मी कायदा विचारून घेतला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणजे 'परत घेतला जाणार नाही' हा शिक्का दाखवून दुकानदाराला सदोष मालातून सुटता येत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते, ती आम्ही केली. आयएमईआयशी छेडछाड करणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नंबर बदललेला मोबाइल चोरीचाही असू शकतो, आणि मग चौकशी घेणाऱ्याच्या दारात येते, हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

मी छोट्या दुकानदारांच्या विरोधात नाही. आमच्याच गावात एक जण टपरीएवढ्या जागेत मोबाइल विकतो. फलक साधा, पण बिल पक्कं देतो. त्यावर महाराष्ट्राच्या २७ या आकड्याने सुरू होणारा १५ अक्षरी जीएसटी नंबर असतो, मोबाइलचा आयएमईआय असतो, आणि खोका तो गिऱ्हाइकासमोर फोडतो. चार्जरवरचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून कंपनीचं नावही तो दाखवतो. एवढं टपरीत जमतं, तर काचेच्या कपाटांच्या दुकानात का जमू नये?

माझं मागणं फलकाबद्दल आहे. २०२२ साली कायदा दुरुस्त करून मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असा नियम सगळ्या दुकानांना लावला. त्याच फलकावर हे कंपनीचं अधिकृत दुकान आहे की नाही, हेही मराठीत ठळक लिहायला लावावं. कंपन्यांनी आपल्या नावाचा फलक कुठल्या दुकानावर आहे याची तालुकावार यादी मराठीत जाहीर करावी, आणि खोटा फलक स्वतः उतरवावा. वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाने दिवाळीआधी या दुकानांतले खोके तपासावेत. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी लागते. मावसाजींच्या खोक्यावर पत्त्याच्या जागी फक्त एका शहराचं नाव होतं.

त्या दुकानासमोरून मी परवा गेलो. आता तिथे दुसऱ्या कंपनीचा फलक आहे, आत पोरं तीच. आम्ही आयोगात अर्ज दिला आहे. पोरगी सध्या माझ्या जुन्या मोबाइलवर अभ्यास करते.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. कापूस-सोयाबीनच्या भावाची चौकट आमच्याकडे घराघरांत वाचली जाते. येते दोन-तीन महिने त्या चौकटीखाली १४४२२ आणि १९१५ हे दोन नंबर, आणि ते कशासाठी आहेत एवढी एक ओळ, रोज छापावी.

आपला,
एक दुरुस्ती कारागीर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ