हे पत्र कुणी लिहून घेतलेलं नाही

प्रिय मावशी,

वर्षातून दोनदा तुम्ही आम्हाला सतरंजीवर बसवून पत्रं लिहून घ्यायचा. माझी फी, वह्या, दुपारची खिचडी ज्यांच्या पैशातून यायची, त्या परदेशातल्या काकांना. ‘मी बरी आहे, तुम्ही बरे असाल’ यापुढे माझं पेन हलायचं नाही. मग कोपऱ्यात गणपती काढायची; कोल्हापूरच्या शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या पोरीला दुसरं काय येणार? एकदा विचारलं, पुसू का? तुम्ही म्हणालात, “राहू दे. तुझे वडील काय करतात ते कळू दे त्यांना.”

वडलांना आधी धास्तीच होती. “मिशनवाल्यांचं हाय, धर्म बदलाय लावतील.” आईनं सरळ तुम्हालाच विचारलं. तुम्ही चिडला नाहीत. “प्रार्थना असते. वाटलं तर बसेल, नाहीतर बाहेर अभ्यास करेल.” मी बसायचे. खरं सांगू? नंतर बिस्किटं मिळायची म्हणून.

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा गेली ५५ च्या वर. चतुर्थी २ सप्टेंबरला, म्हणजे घरभर मूर्ती. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तुम्ही पदर खोचून दारात, मागं चर्चमधली चार पोरं. “सोंडंला धरू नका, बुडाखाली हात घाला!” वडील ओरडत होते आणि तुम्ही एकेक गणपती छातीशी धरून माळ्याच्या शिडीवर चढवत होता. एकवीस वाचले. खालच्या शाडूचा नुसता गाळ झाला.

नंतर तांदूळ, चादरी, फिनेल वाटलं. ते हातात देऊन बॅनरपुढं फोटो काढले, ते मला आवडलं नव्हतं. आजही आवडत नाही. वडील मान खाली घालून उभे होते. तुम्ही त्यांना बाजूला घेऊन विचारलंत, “दादा, खरंच काय पाहिजे?” ते म्हणाले, “रंग.” दुसऱ्या दिवशी तुम्ही रंगाचे डबे घेऊन आलात. त्या एकवीस मूर्ती त्याच रंगात विकल्या गेल्या, आणि माझी बारावीची फी त्यातून भरली.

काकांचा पत्ता आम्हाला कधी दिला नाहीत, नियमच होता म्हणे. जमलं तर हे त्यांनाही कळवा.

आणि हो, नाताळच्या गोठ्यातली ती पाय मोडलेली मेंढरं वडलांनी नीट करून रंगवून ठेवलीत. मजुरी विचारू नका, रागावतील. येऊन घेऊन जा.

तुमची,
कुंभार गल्लीतली पोरगी