कोचीतला गुरुवार: जहाजावरून उतरणाऱ्या सर्व सभासदांसाठी

मंडळी, गुरुवारी आपलं जहाज कोचीला विलिंग्डन बेटावर लागेल. बंदराचा गाळ उपसून त्याच मातीनं वाढवलेलं हे बेट! सकाळी ९ वाजता सगळे धक्क्यावर हवेत. जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्र जवळ ठेवा. त्याशिवाय परत चढू देत नाहीत.

आधी कोचीतला मट्टनचेरी भाग. तिथलं १५६८ चं ‘परदेशी सिनेगॉग’ (ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ) दुपारी मधे बंद असतं, म्हणून फोर्ट कोची नंतर. आत चपला काढायच्या. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. वर झुंबरं आहेतच, पण खाली नक्की बघा: निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हातानं रंगवलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही. शेजारच्या राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रं आहेत. तिथे घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

जेवणानंतर फोर्ट कोचीतलं सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामाला १५२४ मध्ये आधी इथेच पुरलं होतं. तिथून मासेमारीच्या चिनी जाळ्यांपर्यंत चालत जाऊ. दोरांना बांधलेले मोठाले दगड एकेक करून वर चढतात आणि जाळं पाण्यात उतरतं, तेवढं थांबून पाहा.

गुडघेदुखीवाल्यांसाठी रिक्षा ठरवू, आज रात्रीपर्यंत नावं कळवा. ४ वाजता परत निघायचं. जहाज कुणासाठीही थांबत नाही.