नदीचा वस्ताद बाहेरून आणा, पण तालीम कोल्हापुरातच ठेवा : जलसंपदा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. जलसंपदा मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा, शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या जवळ माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. मागणी काय आहे ते आधीच सांगतो म्हणजे तुमच्या माणसांना पत्र शेवटपर्यंत चाळत बसायला नको. पंचगंगेच्या पुरासाठी परदेशातला नदीचा जाणकार इंजिनियर सरकारी पगारावर घ्या, त्याला मुंबईत नाही तर कोल्हापुरात बसवा, किमान चार पावसाळे ठेवा आणि त्याच्या हाताखाली आपली पोरं द्या. एवढंच मागायचंय, आता का मागतोय ते सांगतो.

२००५ ला पाणी दुकानात आलं तेव्हा वडिलांनी ते जिथपर्यंत चढलं तिथं भिंतीवर लाल ऑइलपेंटनं रेघ मारली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तसं मी आणि माझ्या दोन पोरांनी रात्रभर खपून सगळ्या मोटरी त्या रेघेच्या दीड फूट वर, फळ्यांवर नेऊन ठेवल्या आणि निर्धास्त घरी गेलो. रेघेच्या वर दीड फूट म्हणजे लई झालं असं वाटलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. फळ्या, मोटरी, वार्निशची भट्टी, तांब्याच्या तारेचे बंडल, सगळं कित्येक दिवस पाण्याखाली. त्या मोटरी माझ्या नव्हत्या साहेब, करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या होत्या, विश्वासानं दुकानात टाकलेल्या. गाळ भरलेली कॉइल हातात घेऊन शेतकरी समोर उभा राहतो आणि काहीच बोलत नाही, तेव्हा काय वाटतं ते मला लिहून सांगता येत नाही.

मग २०२१ ची जुलै. या वेळी मी शहाणपणा करायचा म्हणून एका सरकारी ऑफिसला फोन लावला, तिथले साहेब बिचारे चांगलं बोलले, त्यांच्यावर माझा राग नाही. मी विचारलं, शाहूपुरीत उद्या सकाळपर्यंत किती पाणी येईल? ते म्हणाले, आत्ता बंधाऱ्यावर किती आहे ते सांगतो, उद्या किती होईल ते आम्हाला सांगता येत नाही. मी म्हटलं, आत्ताचं तर मला मोबाइलवर दिसतंय. त्यावर तेही गप्प आणि मीही गप्प. त्या वर्षी पाणी इतक्या झपाट्यानं चढलं की अर्धा माल हलवेपर्यंत गुडघाभर पाणी दुकानात होतं, आणि ते २०१९ च्याही वर गेलं.

तो फोन मी अजून विसरलो नाही. कमी कशाची आहे ते मला त्या दिवशी कळलं. यंत्रं आहेत, पावसाची आणि धरणांची आकडेवारी ऑनलाइन दिसते, बोटी येतात, एनडीआरएफचे जवान येतात, कॅम्प लागतात, जेवण मिळतं, कोल्हापूरकर एकमेकांसाठी धावून जातात त्यात तर काही कमी नाही. कमी आहे ती त्या आकड्यांवरून उद्याची गोष्ट सांगणाऱ्या माणसाची. बंधाऱ्यावर एवढे फूट म्हणजे कुठला भाग पाण्यात जाणार याचा अंदाज प्रशासनाकडं असतो, पण किती वाजता जाणार, आणि त्याआधी माझ्या हातात किती तास आहेत, हे मला कुणी सांगत नाही.

आणि ही नदी सोपी नाही हे मलाही कळतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, प्रत्येकीचा पाऊस वेगळा, वेग वेगळा, आणि सगळ्या येऊन प्रयाग चिखलीला भेटणार. वर राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे, पाणी भरलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर आज कितव्या नंबरचा दरवाजा उघडला हे क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकाला विचारत असतं. खाली नृसिंहवाडीला कृष्णा, ती तुंबली की आमची पंचगंगा जागच्या जागी थांबते. त्याच्याही खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फुग, म्हणजे मागं तुंबणारं पाणी, तिच्यावरून दोन राज्यांचं भांडण. मध्ये शिरोलीजवळ हायवेचा भराव, दोन्ही पुरांत हायवे बंद पडला, गॅस-पेट्रोलचे टँकर अडकले. यातल्या कशामुळं किती फूट पाणी वाढतं हे एकत्र मांडणारं, नदीचं मॉडेल करणारं आणि पावसाळ्यात रात्री तीन वाजता त्या मॉडेलसमोर बसून अंदाज देणारं माणूस लागतं. अशी माणसं आपल्याकडं नाहीत असं नाही, पण फार थोडी आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी खुर्चीवर तर मला एकही भेटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल आम्ही कन्सल्टंट नेमतो की. साहेब, तिथंच माझी हरकत आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून पुराची मोठी कामं होणार म्हणून आम्ही ऐकतोय, त्यात कन्सल्टंट येतील, दोनदा पाहणी होईल, जाड इंग्रजी रिपोर्ट येईल, तो बरोबरही असेल, पण रिपोर्ट देणारा निघून जातो आणि त्याचं डोकं त्याच्याबरोबर जातं. २०१९ नंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचा अभ्यास केला, अहवाल दिला, चांगलं काम केलं, पण समितीसुद्धा अहवाल देऊन थांबते. पुढच्या पावसाळ्यात फोन उचलायला समिती नसते. आमच्या कोल्हापुरात पैलवान घडतो तो वस्तादाचं पत्र वाचून घडत नाही, वस्ताद पहाटे चारला लाल मातीत उभा असतो म्हणून घडतो. मी स्वतः रिवाइंडिंग शिकलो ते वडिलांच्या शेजारी बसून, तार किती ताणायची हे वहीत लिहून ठेवता येत नाही, ती बोटाला कळावी लागते.

जपाननं हेच केलं होतं. १८६८ नंतर त्यांनी ठरवलं की आपल्याला जे येत नाही ते येणारा माणूस पगारावर आणायचा, मग तो इंग्रज असो, जर्मन असो की अमेरिकन. काहींचे पगार तर त्यांच्या मंत्र्यांपेक्षा जास्त होते. नद्यांसाठी त्यांनी डच इंजिनियर आणले, त्यातला योहानिस दे रायके १८७३ ला गेला आणि जवळपास ३० वर्षं तिथं राहिला. नागोयाजवळ किसो, नागारा आणि इबी या तीन नद्या एकमेकींत गुंतून दरवर्षी गावं बुडवायच्या, त्या वेगळ्या करायच्या कामाची आखणी त्यानं केली. तो डोंगरात हिंडला, वरची झाडं तुटली की खाली गाळ येतो हे त्यानं तिथल्या लोकांना सांगितलं. आणि जपान्यांनी त्याच वेळी स्वतःची पोरं शिकवली, बाहेर पाठवली, आणि हळूहळू परदेशी माणसांच्या जागी आपली बसवली. डचांचंच आणखी सांगायचं तर १९९५ ला त्यांच्याकडं नद्या इतक्या फुगल्या की अडीच लाख माणसं हलवावी लागली, त्यानंतर नुसते बांध उंच करत बसण्याऐवजी त्यांनी ठिकठिकाणी नदीला पसरायला जागा करून दिली. हे काम केलेले इंजिनियर आज हयात आहेत, काही रिटायर होऊन घरी बसले असतील. त्यांच्यातला एक आम्हाला द्या.

आपल्या देशात हे झालेलंच नाही असंही नाही. भाक्रा धरण बांधताना १९५२ ला हार्वे स्लोकम नावाचा अमेरिकन आणला होता, इंजिनियरिंगची डिग्री नसलेला पण धरणं बांधून बांधून तयार झालेला माणूस. तो १९६१ ला वारला तोपर्यंत त्याच कामावर होता आणि त्याच्याबरोबर भाक्रावर जे आपले इंजिनियर तयार झाले ते पुढं दुसरी धरणं बांधायला गेले. नुकतं स्वातंत्र्य मिळालेलं असताना नेहरूंच्या सरकारला परदेशी माणूस कामाला ठेवण्यात कमीपणा वाटला नाही.

आणि कोल्हापूरला तर कुणी हे शिकवायची गरजच नाही. आमचा टाउन हॉल, न्यू पॅलेस मेजर मँट या इंग्रज इंजिनियरनं आखले. मुलींच्या शिक्षणाचं काम संस्थानात मिस लिटल ही युरोपियन बाई बघायची, ती निवृत्त झाल्यावर तिच्या जागी शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकरांना नेमलं. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली, तिला महाराजांनी पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनला पाठवलं आणि परत आल्यावर तिनं इथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये काम केलं, आज आपण ज्याला सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतो तेच. बाहेरचा माणूस आणायचा आणि त्याची जागा घेणारं माणूस घरातनं तयार करायचं, ही कोल्हापूरची जुनी रीत आहे.

आता माझ्या घरातलीच एक गोष्ट. माझा भाचा सिव्हिल इंजिनियर आहे, तीन वर्षं अभ्यासिकेत बसून ज्युनियर इंजिनियरच्या परीक्षा देतोय. मी हे पत्र लिहितोय म्हटल्यावर तो चिडला, म्हणाला मामा, आम्ही इथं जागा निघायची वाट बघतोय आणि तुम्ही बाहेरचा माणूस मागताय, आमच्याच पोटावर पाय देताय. मला ते लागलं, कारण तो चूक बोलत नव्हता. ज्या राजानं २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या समाजांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्याच्या गावात राहून पोरांच्या हक्काच्या जागा दुसऱ्याला द्या असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत थेट भरतीच्या, म्हणजे बाहेरचे जाणकार सरळ वरच्या पदांवर घ्यायच्या (लॅटरल एंट्री) ४५ जागांची जाहिरात आली, आरक्षण नाही म्हणून लोक उठले आणि ३ दिवसांत ती मागं घ्यावी लागली, बरोबरच झालं.

म्हणून साहेब मंजूर पदांना हात लावू नका, उलट ती आधी भरा, रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये एकटा परदेशी माणूस बसवला तर तो शिकवणार कुणाला? त्याची जागा वेगळी, वाढीव, मुदतीच्या करारावर काढा, तसंही कायम सरकारी नोकरीला नागरिकत्वाची अट आहेच. करारातच लिहा की त्याच्या हाताखाली जलसंपदाचे कायम सेवेतले चार तरुण इंजिनियर राहतील, तो असेपर्यंत त्यांची बदली होणार नाही, आणि चौथ्या पावसाळ्यात अंदाज त्यांनी द्यायचा, त्यानं फक्त शेजारी बसायचं. बदलीचं मी मुद्दाम लिहितोय. आपल्याकडं माणूस नदी ओळखायला लागतो तेवढ्यात त्याची ऑर्डर निघते.

पगार काय तो उघड सांगा, जास्त असला तरी लोक समजून घेतील, एका पुरात नुसत्या शाहूपुरीत आणि लक्ष्मीपुरीत किती माल वाया जातो ते इथल्या व्यापाऱ्यांना विचारा. आणि त्याला मराठी शिकवा, कामापुरती तरी. २०२४ ला आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, आपली १० हजार कुशल पोरं तिकडं पाठवायची, नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, त्यासाठी आधी इथं जर्मन शिकवायचं. जर्मनीला माणूस कमी पडला तर तो देश न लाजता आमच्या दारात येतो आणि भाषेची अट घालतो, मग आपण का लाजायचं आणि आपण भाषेची अट का घालायची नाही? चिखलीच्या, आंबेवाडीच्या म्हाताऱ्या माणसांना नदीचं जे माहीत आहे ते इंग्रजीत कुठंही लिहिलेलं नाही, ते त्यांच्या पारावर बसूनच ऐकावं लागेल.

भाचा परवा परत आला होता, चार इंजिनियरचं कलम वाचल्यावर म्हणाला, असं असेल तर मामा मी त्या चारांत जायला बघतो. त्याची परीक्षा आधी निघू दे.

गेल्या दोन महिन्यांत दुकान बंद झाल्यावर मी आणि त्यानं टेप घेऊन आमच्या भागातल्या २३ घरं-दुकानांच्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजल्यात, २००५, २०१९ आणि २०२१ च्या वेगवेगळ्या, रस्त्यापासून किती फूट किती इंच, आणि ज्यांना आठवत होतं त्यांच्याकडनं पाणी उंबऱ्याला किती वाजता लागलं तेही लिहून घेतलंय. वहीची झेरॉक्स तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. मूळ वही दुकानात आहे, माणूस नेमलात की त्याला घेऊन या, भिंतीवरच्या रेघाही दाखवतो.

आपला नम्र,
शाहूपुरीतला एक मोटर रिवाइंडिंगवाला,
कोल्हापूर