शिक्षणमंत्री साहेब, बी.कॉम.च्या पोरांना नवा फळा नको, खरी वही द्या

माननीय शिक्षणमंत्री, गोवा राज्य, यांस नमस्कार.

साहेब, मी डिचोलीत अकाउंट्स आणि जीएसटीचं काम करतो. छोटंसं ऑफिस आहे, तीन टेबलं आणि पावसाळा लागला की कागद खाणारा एक प्रिंटर. दरवर्षी बी.कॉम.ची दोन-तीन मुलं इंटर्नशिपला येतात, १२० तास भरतात आणि सर्टिफिकेट घेऊन जातात. त्यांच्याकडे बघून जे वाटलं ते लिहितोय.

मागे एक मुलगा आला, चांगले मार्क असलेला. एका गिऱ्हाइकाचं खरेदीचं बिल टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाक म्हटलं, बिलाची तारीख १४. तो थांबला आणि विचारतो, "सर, १४ चालते?" मला आधी कळेचना हा काय विचारतोय. मग उलगडा झाला, कॉलेजच्या लॅबमध्ये टॅली एज्युकेशनल मोडवर, म्हणजे लायसनशिवाय शिकण्यापुरती, चालते आणि त्यात एन्ट्री पडते ती फक्त १, २ आणि ३१ तारखेची, त्यामुळे दोन वर्षं ह्या पोराच्या जगातला सगळा व्यापार महिन्याच्या तीन दिवसांत उरकत होता आणि उरलेले दिवस बाजार बंद! हसू आलं खरं, पण त्याची चूक काहीच नव्हती, त्याला जेवढं दाखवलं तेवढंच त्याने पाहिलं.

गंमत म्हणजे हाच मुलगा दुपारी डबा खाता खाता फोनवर निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे शेअर बाजाराच्या चढ-उतारावरचे सौदे, घेत होता. डेबिट-क्रेडिटला जांभया देणारा पोरगा कॉल-पुट, प्रीमियम, स्टॉपलॉस असं धडाधड बोलत होता, म्हणजे फायनान्समध्ये मुलांना रस नाही हे काही खरं नाही. रस भरपूर आहे, पण तो ओढून न्यायला अ‍ॅपवाले बसलेत आणि कॉलेज पीपीटी दाखवतंय. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेच आहेत, तीन वर्षांत एफअँडओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शनच्या सौद्यांत) उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेली आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि असे सौदे करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. ही आपल्याच वर्गातली पोरं आहेत साहेब.

आता टेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्याकडे काय येतं? स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर, रेकॉर्ड केलेलं लेक्चर. उच्च शिक्षण संचालनालयाच्या दिष्टावो ह्या ऑनलाइन उपक्रमावर लेक्चर आहेत, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं बघतात, उपयोग होतो, नाही कोण म्हणतो. पण व्हिडिओ बघणं हेही शेवटी बघणंच ना? पोहण्याचा व्हिडिओ बघून मांडवीत उडी मारण्यातला प्रकार.

माझंच सांगतो. पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळाले, मलाही मिळाला. पहिले सहा महिने फक्त पत्ते खेळलो. मग एक दिवस बाबांच्या दुकानाची उधारीची वही मी एक्सेलमध्ये टाकली, आणि कोणाकडून किती येणं आहे, किती जुनं आहे हे एका खाली एक दिसल्यावर बाबा अर्धा तास खुर्चीवरून उठलेच नाहीत. एक नाव बघून म्हणाले, "हा मनीस रोज माझ्यासमोरून जाता रे." त्या दिवशी मला अकाउंट्स आवडायला लागलं. मशीन तेच होतं, फक्त आकडे आपल्या घरचे होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, मुलांना खरे आकडे द्या आणि ते हाताळायची खरी साधनं द्या.

जीएसटीचंच घ्या. पुस्तकात चार स्लॅब छापलेत तर २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचे १२ आणि २८ चे गेलेसुद्धा. छापील नोट्स धावून धावून किती धावणार? आणि दर पाठ करून होतं काय, खरी मजा वेगळीच आहे. विकणारा ११ तारखेपर्यंत आपली बिलं जीएसटीआर-१ मध्ये भरतो, १४ ला घेणाऱ्याला टू-बी (त्याच्या खरेदीच्या बिलांची यादी) दिसतं, २० पर्यंत थ्री-बी (कर भरायचं महिन्याचं रिटर्न) भरायचं, आणि ह्या साखळीत कुठे कडी निसटली की घेणाऱ्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकलं. माझ्याकडच्या एका मुलीला टू-बी आणि खरेदीचं रजिस्टर ताळून बघायला दिलं होतं. एक बिल सापडेना. चार महिने मागे जाऊन, दोन फोन करून तिने शोधून काढलं की समोरच्याने आमच्या गिऱ्हाइकाचा ३० ने सुरू होणारा जीएसटी नंबर टाकलाच नव्हता, बिल सरळ बीटूसीत, म्हणजे नंबर नसलेल्या साध्या ग्राहकांत, ढकललं होतं. अशी खूष झाली होती की चोर पकडलाय! त्या दिवशी १२० तासांचा हिशेब तिने विचारला नाही.

पण हे कॉलेजात कसं करणार, जीएसटीच्या पोर्टलला खरं रजिस्ट्रेशन लागतं, आणि खोट्या बिलांनी खरं रिटर्न भरून बघता येत नाही (बघू पण नये). तेव्हा राज्याच्या आयटी खात्याकडून हुबेहूब तसंच दिसणारं एक सरावाचं पोर्टल करून घ्या. अर्धा वर्ग विकणारे, अर्धा वर्ग घेणारे, तारखा चुकल्या तर लेट फी पण लागू दे. एका कॉलेजच्या पोरांनी बिल चुकवलं की दुसऱ्या कॉलेजच्या पोरांचं क्रेडिट अडकेल, मग बघा कशी भांडतात आणि कशी शिकतात. आणि हो, लॅबला टॅलीचं पूर्ण लायसन घ्या, महिन्याचे सगळे दिवस उघडू देत.

दुसरं, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा माटोळीचा बाजार, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा. म्हापशात, डिचोलीत सत्तरीच्या बायका सुपारीची शिपटां, तोरिंजन, आंबाडे घेऊन बसतात आणि हल्ली पाटीला क्यूआर कोड चिकटवलेला असतो. एकेका मुलाने एकेका बाईची परवानगी घेऊन तिचा त्या चार दिवसांचा हिशेब फोनवरच मांडावा, यूपीआयचे किती, रोख किती, वाळपईहून पिकअपचं भाडं, बाजाराचा सोपो (बसायचा कर), आणि तिची स्वतःची मजुरी धरायची की नाही (ह्यावर वर्गात तासभर वाद होईल, होऊ दे). चवथ झाली की दुसऱ्या दिवशी उरलेल्या मालाला कोण विचारतो? शिल्लक माल कॉस्ट किंवा मिळणारी किंमत, जे कमी ते, हा नियम मुलं तीन वर्षं घोकतात, तिथे पाटीत सुकत पडलेलं दिसेल.

आणि ते ऑप्शनवालं वेड? बंदी घालून काही होत नाही. जुने भाव वर्गात लावा, तारीख झाकून, रोज एक दिवस पुढे, आणि लुटुपुटीच्या पैशांनी खेळू दे. मार्च २०२० चा महिना लावा. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला होता, ते समोर आल्यावर कोणाचे किती उरले ते बोर्डावर लिहा, ब्रोकरेज वजा करून.

शिक्षकांचं राहिलंच. अर्धे लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांवर, आज ह्या कॉलेजात उद्या त्या, त्यांना हे सगळं करायला तासाचे पैसे आणि शिकायला वेळ दिला नाही तर पोर्टल सुंदर होईल आणि उद्घाटनानंतर बंद पडेल. पेपरही बदलावा लागेल, जोवर पट्टी-पेन्सिलीने बॅलन्स शीटचे रकाने आखण्यावर मार्क आहेत तोवर पोरं रकानेच आखणार, मीही तेच केलं होतं.

पुढची दोन मुलं माझ्याकडे लवकरच येताहेत. कधी डिचोलीवरून जात असाल तर थांबा, चहा देतो आणि त्यांना काय येतं ते तुम्ही स्वतःच विचारा. फक्त २० तारखेला येऊ नका, त्या दिवशी थ्री-बीची धांदल असते, बसायला खुर्ची पण मिळणार नाही.

आपला,
डिचोलीचा एक अकाउंटंट