ताती रीलमध्ये मावत नाहीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक आणि नट झाक ताती यांच्यावरचा लेख वाचून बरं वाटलं. विनोदी सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे चॅप्लिन आणि फार तर बस्टर कीटन, यापलीकडे सहसा कोणी जात नाही. तक्रार आहे ती लेखाशेजारच्या चौकटीबद्दल. मोबाइलवर पाहण्यासाठी तातींचे ‘पाच धमाल प्रसंग’ तिथे सुचवले आहेत. दुसऱ्या कुठल्या विनोदवीराबाबत हे चालून गेलं असतं. तातींच्या बाबतीत अशानं विनोदच हाती लागत नाही.

‘प्लेटाइम’मधला (१९६७) कॉरिडॉरचा प्रसंग घ्या. तातींनी स्वत: साकारलेला मस्य उलो एका चकचकीत कचेरीत साहेबांना भेटायला आला आहे. लांबलचक कॉरिडॉरच्या पार टोकाला साहेब दिसतात आणि बुटांची टाकटाक सुरू होते. उलो लगबगीनं उठतो. म्हातारा दरवान हातानंच सांगतो, थांबा. टाकटाक चालूच राहते, साहेब काही केल्या पोचत नाहीत. कोणी घसरून पडत नाही, कोणाच्या तोंडावर केक बसत नाही. सगळी गंमत ताटकळण्यात आहे. हे दहा सेकंदांत कापून बसवलं, तर उरेल फक्त एक चालणारा माणूस.

शिवाय मोबाइलचा आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ. लेखात ताती हे मूकपटांचे वारसदार असल्याचं म्हटलं आहे, ते अर्धंच खरं. संवादांना ते फारसं महत्त्व देत नाहीत हे कबूल, पण चित्रीकरण झाल्यावर एकेक आवाज निवडून, तोलून मापून बसवायचे. १९५३च्या ‘मस्य उलोची सुट्टी’मध्ये समुद्रकाठच्या हॉटेलातल्या जेवणघराचं झुलतं दार दर वेळी उघडताना जो चमत्कारिक आवाज करतं, तो काढून टाका, मग दारात हसण्यासारखं काही नाही.

आणि पडद्याचं काय? ‘प्लेटाइम’ ७० मिमीच्या, म्हणजे नेहमीच्या दुप्पट रुंद फिल्मवर चित्रित झाला. क्लोज-अप जवळपास नाहीतच. कुठे पाहायचं हे ताती सांगत नाहीत, उलो तर गर्दीत हरवूनच जातो. शेवटाकडच्या रेस्टॉरंटमध्ये काचेचा दरवाजा फुटतो, तरी दरवान नुसती दाराची मूठ हातात धरून न उरलेलं दार पाहुण्यांसाठी अदबीनं उघडत राहतो. खुर्च्यांच्या पाठीवरच्या मुकुटाचा ठसा गिऱ्हाइकांच्या पाठीवर उमटलेला असतो. एका टेबलाशी येईल तो वेटर त्याच माशावर पुन्हा मसाला घालून जातो, खायला कोणी देत नाही. हे तळहाताएवढ्या काचेवर कसं दिसणार? मला तर मोठ्या पडद्यावरही सगळं एका बैठकीत सापडलं नाही.

चौकटीतला ‘माँ ओंक्ल’मधला (१९५८) माशाच्या कारंज्याचा प्रसंग त्यातल्या त्यात तग धरतो. फाटकाची घंटी वाजली की घरच्या मालकीणबाई मादाम आर्पेल धावत जाऊन कारंजं सुरू करतात, आणि आलेला माणूस घरचाच निघाला की बंद करतात. ठेवणीतले कप पाहुण्यांपुरतेच बाहेर काढणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगायला नको. पण तेही चित्रपटभर पुन:पुन्हा येतं म्हणून रंगतं. एकदाच पाहिलं तर ती बाई नुसती विचित्र वाटेल.

‘माँ ओंक्ल’ला ऑस्कर मिळालं, आणि पुढच्याच चित्रपटानं, म्हणजे ‘प्लेटाइम’नं, माणूस धुळीला मिळाला. पॅरिसबाहेर ‘तातीविल’ नावाचं अख्खं शहर त्यांनी सेट म्हणून उभारलं, आणि ७० मिमीची सोय असलेल्या थिएटरांतच चित्रपट दाखवायचा हट्ट धरला. चित्रपट पडला, सेट पाडला गेला, आधीच्या चित्रपटांचे हक्कही कर्जापायी गेले. हा हट्ट व्यवहाराच्या दृष्टीनं वेडेपणाच होता. पण एवढं करणाऱ्याला आपण खिशातल्या फोनवर बसवतो, हे जरा अतीच होतं.

जाता जाता, ‘माँ ओंक्ल’च्या वेळी तातींचे सहायक असलेले पिएर एतेक्स यांचं नाव लेखात कुठेच नाही. पुढे त्यांनी स्वत: ‘योयो’सारखा देखणा चित्रपट केला. त्यांच्यावर स्वतंत्र लेख यावा.

चौकट पुन्हा छापणार असाल, तर पाच प्रसंगांच्या जागी एकट्या ‘प्लेटाइम’चं नाव द्या. दोन तासांहून थोडा मोठा आहे, आवाज चालू ठेवा, आणि पहिला पाऊण तास काहीच घडत नाही असं वाटलं तरी उठू नका, एवढं सोबत लिहिलंत तरी पुरे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे