साखरप्याच्या गॅरेजवाल्या दादांना

दादा, तुमचं नाव विचारायचंच राहिलं. त्या दिवशी पावसात आईला घेऊन आलेला चंदेरी गाडीवाला मी.

एप्रिलमध्ये माझी गाडी समोरून ठोकली, बंपर, रेडिएटर, डावा फेंडर सगळं नवीन बसवलं, तेही चकचकीत मोठ्या वर्कशॉपमध्ये. आठ दिवसांत एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि तो घसरत्या गाडीचा असे दोन पिवळे लाईट लागले. परत गेलो तर एसीत बसलेल्या साहेबांनी गाडीकडे न बघताच सांगितलं, मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कंट्रोल बॉक्स, गेलंय, अठ्ठेचाळीस हजार, आणि इन्शुरन्सवाले देणार नाहीत, तोवर चालवा, काही होत नाही.

काही होत नाही कसं? देवरुखजवळ गावच्या चढावर लाल चिखलात डावं चाक नुसतं जागेवर गरगरत होतं. आपल्या गाडीला ओढणारी चाकं पुढचीच, वळणारीही तीच, त्यात ट्रॅक्शन कंट्रोल बंद. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाला द्यायचा ते कामच होत नव्हतं. कशीबशी वर काढली, पण आंबा घाट चढायची छाती होईना म्हणून तुमच्याकडे थांबलो.

तुम्ही छोटा स्कॅनर लावून शेजारी बसलात आणि म्हणालात, चालवा हळू. स्कॅनरवर तीन चाकं वीसनं पळतायत आणि डावं पुढचं शून्यावर उभं! मग जॅक लावलात, चाक काढलंत, खाली गोणपाट टाकलंत, आणि त्याच्या शेजारी दुसरं गोणपाट टाकून म्हणालात, या, तुम्ही पण बघा.

दादा, हे दुसरं गोणपाट मी विसरणार नाही. आजवर मला सगळ्यांनी काचेच्या पलीकडे बसवलं, चहा दिला आणि बिल दिलं. तुम्ही टॉर्च माझ्या हातात दिलीत आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर दाखवलीत. चाकावरचं नवीन प्लास्टिकचं लायनर बसवताना ती क्लिपमध्ये अडकवलीच नव्हती कुणी, स्टिअरिंग वळलं की टायर घासायचा, घासून घासून आतली तार तुटलेली. एवढंच! मॉड्यूल ठणठणीत.

तुम्ही डाग देऊन, स्लीव्ह चढवून, वायर क्लिपमध्ये बसवलीत. पुढच्या वळणापर्यंत दोन्ही लाईट गेले. साडेतीनशे घेतलेत, आणि वर मलाच बजावलंत की हा जोड आहे, पावसाळ्यानंतर एकदा बघून घ्या, जमलं तर सेन्सरच बदला. स्वतःच्या कामातलं कच्चं आपणहून सांगणारा माणूस मला तरी पहिल्यांदा भेटला. आई घाटभर तुमचंच बोलत होती, म्हणे त्याने तुला चिखलात झोपवलं ते बरं केलं.

दसऱ्याला गावी येतोय, जोड दाखवायला थांबतो. शर्टावरचा ग्रीसचा डाग काही निघाला नाही, तोच घालून येईन, म्हणजे ओळखाल.