मल्टिटूल घेण्याआधी कामांची यादी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी भटकंतीच्या सामानाची यादी आली होती, त्यात मल्टिटूलला, म्हणजे एकाच मुठीत घडी घालून बसवलेल्या अनेक अवजारांच्या वस्तूला, दोन ओळी मिळाल्या आणि त्या दोन ओळींत नुसते आकडे होते, ह्यात 14 अवजारं, त्यात 21 अवजारं. वाचणारा साहजिकच 21 वालं भारी समजणार आणि तेच घेणार. मला हा विषय मनापासून आवडतो, आणि लोक आकडा बघून जड काहीतरी घेतात आणि मग ते कपाटात पडून राहतं हे बघून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी तो आकडा कसा वाढतो ते बघा. मुठीवर कोरलेली मोजपट्टी हे एक अवजार, दोरी अडकवायची कडी हे एक, टूथपिक एक, वायर सोलायची बारीकशी खाच एक, आणि डबा फोडायच्या ओपनरचं टोक चपटं केलेलं असलं की तोच परत स्क्रूड्रायव्हर म्हणून वेगळा मोजायचा. म्हणजे 21 मधली खरोखर हातात धरून वापरायची किती, तर फार तर आठ-दहा. त्यामुळे पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा आकड्याच्या जागी वजन किती, पातं लॉक होतं का, पक्कड आहे का आणि बिट (स्क्रूड्रायव्हरची बदलता येणारी टोकं) कुठले बसतात एवढी चार माहिती दिलीत तरी वाचकाला खूप उपयोग होईल.

ही अवजारं मुळात जन्माला आली तीच ठरावीक कामासाठी. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने 1891 मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली, त्यात चारच गोष्टी होत्या, पातं, दाभण, डबा फोडायचा ओपनर आणि स्क्रूड्रायव्हर. ओपनर कशाला तर शिपायांना डब्यातलं जेवण मिळायचं आणि स्क्रूड्रायव्हर कशाला तर त्यांची नवी रायफल खोलायला तो लागायचा. पुढे 1897 मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली, त्यात एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंनी अवजारं बसवली आणि तीच रचना आजही त्याच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या लाल चाकूत चालते. दुसरं घराणं पक्कडवाल्यांचं. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन 1975 मध्ये एका जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता, खिशात चाकू होता पण गाडी सतत बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे आणि दर वेळी हवी असायची ती पक्कड, तर घरी जाऊन त्याने चाकूत पक्कड बसवायचा ध्यास घेतला आणि शेवटी 1983 मध्ये त्याची कंपनी उभी राहिली आणि पहिलं मॉडेल बाजारात आलं. दोघांच्याही हातात आधी काम होतं. आपणही घेताना तसंच करावं असं मला वाटतं, एक-दोन महिने लक्ष ठेवायचं की बाहेर असताना कुठली वस्तू हातात नव्हती म्हणून अडलं, आणि ते फोनमध्ये टिपत जायचं.

असं टिपलं की बहुतेकांच्या रोजच्या यादीत काय निघतं? पार्सल उघडणं, लोंबणारा दोरा कापणं, गोळ्यांची स्ट्रिप कापणं, चष्म्याचा ढिला स्क्रू, बोटात गेलेली कुसळ, रिमोटचं झाकण. ह्यातल्या निम्म्या कामांना कात्री लागते! पातं त्यानंतर येतं. कात्री लोकांना किरकोळ वाटते पण रोज वापरायची असेल तर ती पहिली बघा, तिची स्प्रिंग नीट परत येते का, टोकं एकमेकांना नीट भिडतात का, पातळ प्लास्टिक कापताना दुमडतं का. एवढ्याच कामांसाठी व्हिक्टोरिनॉक्सचा 58 मिलिमीटरचा क्लासिक पुरतो, वजन 21 ग्रॅमच्या आसपास, किल्ल्यांना लावला की विसरायलाच होतं की आपल्याजवळ काही आहे. त्याच्यावर जायचं तर 91 मिलिमीटरचे, त्यात टिंकर नावाच्या मॉडेलला मागच्या बाजूला बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्राऐवजी फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर असतो, ज्यांना स्क्रू जास्त आणि बाटल्या कमी उघडायच्या असतात त्यांना तो बरा.

पक्कड कोणी घ्यावी? ज्यांचा हात वायरी, नळ, मशिनी, सायकल, गाडी ह्यांत सतत जातो त्यांनी नक्की घ्यावी, बाकीच्यांनी घेण्याआधी वजनाचा विचार करावा. लेदरमनचं वेव्ह प्लस साधारण 241 ग्रॅम भरतं, सर्ज 355, आणि मुद्दाम अवजारं कमी करून बनवलेलं स्केलेटूल 142. हे आकडे कागदावर छोटे वाटतात पण 241 ग्रॅमची वस्तू पातळ पँटच्या खिशात दिवसभर घेऊन फिरून बघा, जिना चढताना मांडीवर आपटते, बसताना टोचते, मग आठवड्याभरात ती बॅगेत जाते आणि महिन्याभरात घरी राहते. पट्ट्याला अडकवायचं कव्हर वापरणार असाल तर गोष्ट वेगळी, किंवा रोज बॅग घेऊनच निघत असाल तरी वेगळी. माझं मत विचाराल तर एकाच मल्टिटूलकडून खिसा आणि जंगल दोन्ही सांभाळायची अपेक्षा ठेवू नये, किल्ल्यांना एक छोटं आणि सॅकमध्ये एक मोठं अशी जोडी जास्त टिकते आणि दोन्ही वापरात राहतात.

आता बाहेरचं, म्हणजे ट्रेक, कॅम्पिंग, डोंगर. इथे लोकांच्या डोक्यात मोठं पातं असतं आणि प्रत्यक्षात तिथे जास्तीत जास्त काम दुरुस्तीचं निघतं. तंबूची किंवा सॅकची चेन दात सोडून चालायला लागली, म्हणजे स्लायडर पुढे जातो पण मागे चेन उघडीच राहते, तर बहुतेक वेळा स्लायडर सैल झालेला असतो, तो पकडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलका दाबला की चेन परत लागते, जास्त दाबला तर मात्र तुटतो तेव्हा थोडं थोडं. सॅकचा पट्टा उसवला तर दाभणाने भोक पाडून जाड दोऱ्याने शिवता येतो, व्हिक्टोरिनॉक्सच्या 91 मिलिमीटरच्या चाकूंत दाभणाला सुईसारखं भोकच दिलेलं असतं त्यामुळे वेगळी सुई लागत नाही. तंबूचा पोल मोडला तर त्यावर नळी चढवून टेप मारायची आणि नळीची कड सपाट करायला कानस लागते. स्टोव्हचा घट्ट बसलेला नट, बुटाच्या तळव्यात घुसलेला खिळा, गरम भांडं उचलणं, हे सगळं पकडीचं काम. म्हणून बाहेरसाठी पक्कड, दाभण, करवत आणि चिमटा ह्या चार गोष्टी आधी बघा.

करवतीबद्दल दोन शब्द वेगळे, कारण तिची किंमत लोकांना कळत नाही. बोटभर लांबीची असली तरी अंगठ्याएवढी फांदी ती सहज कापते, तेच काम पात्याने करायला गेलं की जोर लावावा लागतो आणि जोर लावताना पातं निसटतं. काही लोक व्हिडिओ बघून घडीच्या चाकूच्या पाठीवर लाकडाने ठोकून ओंडका फोडायला जातात, ते कृपा करून करू नका, बिजागरीचा खिळा त्यासाठी बनवलेलाच नसतो, पातं ढिलं होतं किंवा मिटतं आणि खाली बोटं असतात.

ह्यावरून लॉकचा मुद्दा. साध्या लाल चाकूत बऱ्याचदा पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं, त्याला लॉक नसतो. कापण्याच्या दिशेला जोर असेपर्यंत काही होत नाही पण टोकाने भोक पाडायला गेलात किंवा पाठीवर दाब आला तर मिटू शकतं. बाहेर ओल्या, गारठलेल्या हाताने काम करायचं असेल तर लॉकवालं घ्या, आणि जमलं तर एका हाताने उघडणारं, कारण दुसऱ्या हातात दोर असतो नाहीतर तंबूचं कापड. लेदरमनने 1998 मध्ये वेव्ह आणलं त्याचं मोठं आकर्षण हेच होतं की पाती मुठीच्या बाहेरच्या बाजूला होती, पूर्ण पक्कड उघडायची गरजच नाही. पण दोरावर चढाई करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, ताणलेल्या दोराला धारदार पात्याचा नुसता स्पर्श झाला तरी तो कापला जातो, त्यामुळे माणूस लटकलेला असताना शेजारी उघडं पातं नकोच, तिथे कात्री बरी.

लॉकला दुसरी बाजू आहे ती कायद्याची. ब्रिटनमध्ये कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी जवळ ठेवायचा चाकू घडीचा, 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा आणि लॉक नसलेला असावा लागतो, इतर देशांचे नियम आणखी निराळे, तेव्हा जिथे जाणार तिथला नियम निघण्याआधी बघून घ्या. विमानात केबिनच्या बॅगेत पात्याचं मल्टिटूल सहसा चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकायचं, आणि किल्ल्यांना लावलेलं छोटं हमखास विसरलं जातं त्यामुळे आदल्या रात्रीच काढून ठेवा. बिनपात्याची मॉडेलंही मिळतात पण तिथे शेवटचा शब्द सुरक्षा तपासणीवाल्यांचा असतो.

बिटचं एक सांगतो. काही कंपन्यांचे बिट चपटे असतात, ते त्यांच्याच मुठीत बसतात आणि हरवला तर त्यांचाच घ्यावा लागतो, आणि काही मल्टिटूलमध्ये सगळीकडे मिळणारा पाव इंची षटकोनी बिट बसतो, गर्बर कंपनीच्या सेंटर ड्राइव्ह मॉडेलमध्ये तसा आहे. ज्यांना स्क्रूचंच काम जास्त त्यांच्यासाठी दुसरा प्रकार सोयीचा. सायकलवाल्यांनी मात्र नेहमीच्या मल्टिटूलवर विसंबू नये, त्यांना 4, 5, 6 मिलिमीटरच्या ॲलन की (षटकोनी चाव्या), डिस्क ब्रेकसाठी टी 25 (ताऱ्याच्या आकाराचं टोक) आणि चेन तोडायचं अवजार लागतं आणि ते सायकलच्या वेगळ्या टूलमध्येच मिळतं.

हातात घेऊन बघता आलं तर फार बरं. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, टोकं जुळतात का बघा, मग मुठी आडव्या हलवून बघा, खडखड वाजतंय का. मूठ जोरात आवळा, तळहातात कडा रुततात का ते लगेच कळतं, लेदरमनच्या अगदी पहिल्या मॉडेलची हीच तक्रार असायची आणि नंतरच्या मॉडेलांत कडा गोल केल्या. प्रत्येक अवजार स्वतःच्या नखाने उघडा, एक उघडताना शेजारची दोन बाहेर येतात का बघा. डावखुऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे कारण लॉक आणि खाचा बहुतेक वेळा उजव्या हाताच्या हिशेबाने असतात. तार कापायचे दात बदलता येतात का तेही विचारा, कडक स्प्रिंगची तार कापली की त्या दातांना खाच पडते आणि मग साधी तारही नीट कापत नाही. नावाजलेल्या ब्रँडच्या नकला भरपूर आहेत, पात्याच्या बुडाशी कंपनीची खूण नीट कोरलेली आहे का बघा आणि स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका.

आणि चालू वायरला हे अवजार कधीही लावू नका! मुठी पूर्ण धातूच्या असतात, त्यावर इन्सुलेशन नसतं. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून मगच.

देखभाल फार नाही. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नव्हे, खाऱ्या पाण्यात किंवा घामाने भिजून तसंच बंद राहिलं तर बिजागरीत तांबूस डाग येतातच, तेव्हा गोड्या पाण्याने धुवायचं, सगळी अवजारं उघडी ठेवून पूर्ण वाळवायचं आणि प्रत्येक बिजागरीत तेलाचा एक थेंब, त्याच पात्याने फळं कापणार असाल तर खाण्याला चालणारं मिनरल ऑइल. धार लावताना पातं दगडावर साधारण 20 अंशांत धरायचं आणि दोन्ही बाजूंना सारखं घासायचं. करवतीसारखे दाते असलेल्या पात्याला घरी धार लावणं कटकटीचं असतं, त्यामुळे पर्याय असेल तर सरळ धारेचं घ्या.

बरेच पालक मुलांना पहिलं मल्टिटूल भेट देतात, त्यांच्यासाठी एवढंच की सुरुवातीला गोल टोकाच्या पात्याचं घ्या, तशी मिळतात, आणि देताना शेजारी बसून शिकवा, पातं नेहमी अंगापासून लांब ओढायचं, हात पसरून गोल फिरलं तर कोणाला लागणार नाही एवढी जागा आधी बघायची, दुसऱ्याला देताना मिटून द्यायचं आणि चालताना कधी उघडं धरायचं नाही. पहिले काही दिवस मऊ लाकडाची काठी सोलायला द्या, करवत नंतर.

आपला,
एक नियमित वाचक